वाटणीची ओळ

"हाताची घडी, तोंडावर बोट," दीपाली म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की समोर तिसरीचा वर्ग नाही. पण तोवर वर्ग शांत झाला होता. ही शांतता पोरांच्या शांततेसारखी नव्हती. पोरांच्या शांततेच्या तळाशी खुसखूस असते, कुणीतरी कुणालातरी चिमटा काढत असतो, बोट ओठांवर आणि डोळे खिडकीबाहेर. ही शांतता पुरी होती, काठोकाठ भरलेली. तिसरीच्या बाकांत गुडघे कसेबसे कोंबून बसलेल्या बायका, कुणाच्या केसांत पांढरं, कुणाच्या मांडीवर रिकाम्या डब्याची पिशवी. सगळ्यांनी एक हात छातीशी घेतला होता आणि सगळ्यांच्या उजव्या हाताचं बोट ओठांवर होतं. जाईबाईंचा नातू याच शाळेत पहिलीत होता, त्यांचंही बोट ओठांवर. आणि खिडकीजवळच्या बाकावर आजच पहिल्यांदा आलेली सगुणा, तिनं तर बोट नुसतं टेकवलं नव्हतं, घट्ट दाबून धरलं होतं. काजूच्या कारखान्यातून सरळ आलेली ती. बोटाचं टोक नखापर्यंत काळं, आणि त्याच्या वर दोन डोळे दीपालीकडे लागलेले. देवळात आरतीच्या आधी दार उघडायची वाट बघणाऱ्या माणसाचे असतात तसे. "अहो, नको, काढा, सवयीनं बोलून गेले," ती घाईनं म्हणाली. बोटं एकेक करून खाली आली. सगुणाचं सगळ्यांच्या शेवटी.

त्या संध्याकाळी स्कूटरवरून मिरजोळ्याहून झाडगावकडे येताना तिला साळवी स्टॉपचा सिग्नल दिसलाच नाही. मागच्या रिक्षावाल्यानं "बाई, हिरवा झालाय, अजून किती हिरवा व्हायचाय" असं म्हटलं तेव्हा ती पुढे सरकली. रस्त्याकडेच्या कुठल्यातरी आवारातून पिकत्या फणसाचा वास आला आणि गेला. तिला राहून राहून ती बोटं दिसत होती. पोरांनी ऐकलं की आपण शिक्षक आहोत असं वाटतं. या बायकांनी ऐकलं तेव्हा आपण कोण आहोत असं वाटलं, ते तिला सांगता येईना. जिल्हा परिषदेच्या शाळेत ती बारा वर्षं शिकवत होती, आणि हा साक्षरतेचा वर्ग आठवड्यातून तीन दिवस, शाळा सुटल्यावर, तिच्याकडे कसा आला तर हेडमास्तरांनी विचारलं तेव्हा बाकीच्या सगळ्या खाली बघत होत्या आणि ती वर बघत होती. मग देवरूखला दोन दिवसांचं प्रशिक्षण. मोठ्या पडद्यावर एकेक वाक्य यायचं. प्रौढ अध्ययनार्थी हा अनुभवाचा खजिना असतो. प्रौढ अध्ययनार्थ्याच्या आत्मसन्मानाची जपणूक करावी. तिनं ते सगळं वळणदार अक्षरात उतरवून घेतलं होतं. जेवणात मोदक होते, तेही आठवत होते. त्या वाक्यांतलं एकही वाक्य आज वर्गात तिच्या मदतीला आलं नव्हतं. आली ती बारा वर्षांची जीभ.

घरी तिचे वडील, आप्पा, ओटीवर पेटी पुसत बसले होते. पेटी आता वाजवायची नसायची, बोटं ऐकत नव्हती, पण पुसायची रोज. गुरवांच्या घरातली पेटी, त्यातून कीर्तनकार बुवांच्या साथीला आप्पांबरोबर उभ्या कोकणात फिरलेली. "उशीर केलास गो," आप्पा म्हणाले. तिनं झालेलं सांगितलं. आप्पा हसले नाहीत. "ठेवलंन सगळ्यांनी?" त्यांनी एवढंच विचारलं. "सगळ्यांनी." "मोठी माणसं ऐकतात तेव्हा भीती वाटायला पायजे," ते म्हणाले, आणि भात्याच्या घडीतली धूळ फुंकरीनं उडवत राहिले. "बुवांना वाटायची. गादीवर उभे राहण्याआधी त्यांचे हात गार पडायचे. माझ्या हातात द्यायचे, बघ रे म्हणायचे, बर्फ. चाळीस वर्षं कीर्तन केलंन त्या माणसानं." दीपालीला बुवांचे हात आठवले नाहीत. तिला त्यांच्या चिपळ्या आठवल्या, खांद्यावरून सारखं घसरणारं उपरणं आठवलं, आणि सभामंडपातल्या गार फरशीवर पेटीच्या बाजूला मांडी घालून बसलेली आपण, पेंगुळलेली, पेटीच्या सुरानं पाठीच्या कण्यात होणारी गुणगुण. समोर सगळं गाव. कोर्टातला कारकून, बोटीवरून सुट्टीला आलेला खलाशी, मासळीच्या टोपल्या रिकाम्या करून, अंघोळ करून आलेल्या बायका, त्यांच्या अंगाला साबणाच्या वासाखाली राहिलेला दर्याचा वास. यातल्या कुणाला कुणी गप्प बसा म्हटलेलं तिला आठवेना. तरी ते गप्प असायचे. आणि गप्प असून बोलत असायचे. ते कसं, असा विचार करता करता तिच्या हातातलं ताट तसंच राहिलं आणि आमटी निवून गेली.

पुढच्या वर्गाला सगुणा आली नाही. खिडकीजवळचा बाक रिकामा. दीपालीनं फळ्यावर मका काढला, म काढला, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. "तिचा ओठ उतलाय," हौसा म्हणाली. हौसा याच कारखान्यातली, सगुणाच्या समोरच्या पाटावर बसणारी, तोंडानं फटकळ. "तेल लागला टरफलाचा. ह्यो एवढा झालाय. कारखान्यात सगली हसतायत, सगुणी शालेत गेली नि तोंड भाजून आली." कुणीतरी हसलं. दीपालीनं खडू खाली ठेवला. "कसं लागलं?" जाईबाई, ज्या कुणाशीच वाकडं बोलत नसत, अगदी हळू म्हणाल्या, "तुमी सांगितलाव ना बाई, बोट ठेवा म्हणून."

कोकणातल्या कुठल्या पोराला हे माहीत नसतं. मे महिन्यात आगीवर काजूबिया भाजायच्या, दगडानं फोडायच्या, आणि मोठी माणसं ओरडत असताना तेच काळे हात तोंडाला लावायचे; मग आठवडाभर ओठांना खपल्या, खोबरेल तेल, आणि आरशात बघून स्वतःलाच हसणं. दीपालीचेही ओठ उतलेले होते, किती वेळा. तिला ते माहीत होतं आणि ते काळं बोट तिनं बघितलंही होतं. तिनं बघितलं होतं आणि तिला त्यात फक्त आज्ञा पाळली गेलेली दिसली होती. आता तिला वेगळंच दिसू लागलं. ज्या बाईचा सगळा दिवस हात तोंडापासून लांब ठेवण्यात जातो, घाम आला तर जी दंडानं पुसते, पदर सरकला तर जी शेजारणीला सांगते, त्या बाईनं एका वाक्यासरशी ते बोट उचललं आणि ओठांवर दाबलं. भाजणार हे माहीत असून. चरचरायला लागल्यावरही सगळ्यांच्या शेवटी काढलं. एवढी श्रद्धा कुणी आपल्यावर कधी ठेवली होती? आणि ती आपल्यावर नव्हतीच. आपण नुसत्या तिथं उभ्या होतो, देवळाच्या दारात उभं असावं आणि आत जाणाऱ्यानं आपल्यालाही नमस्कार करून जावं तसं.

सगुणाचं घर कारखान्याच्या मागे, जांभ्याच्या चिऱ्यांचं, अंगणात वाळत घातलेल्या आमसुलांचा आंबट वास. ती चुलीपुढून उठून आली, पदरानं अर्धं तोंड झाकून. पदर घसरला तेव्हा दीपालीला ओठ दिसला आणि तिनं नजर वळवली, मग वळवलेली नजर पुन्हा आणली. "बसा बाई," सगुणा म्हणाली. "चाय करतंय." "चहा राहू दे. सगुणाताई, माझी चूक झाली." "तुमची कसली?" सगुणा खरंच नवल वाटल्यासारखी म्हणाली. "हात राख लावून धुतलेला. नखात ऱ्हाता तेल, ता जात नाय." "मग ठेवलंत कशाला?" "सगल्यांनी ठेवला. मी एकटीनं नाय ठेवायचा? पयल्याच दिवशी?" अंगणात एक कोंबडी आमसुलांपर्यंत आली, सगुणानं तिला हुसकलं. मग दीपालीनं विचारलं, परवा याल ना. सगुणा थोडा वेळ आमसुलं सारखी करत राहिली. "मी काय वाचायला नव्हतंय आलं, बाई," ती म्हणाली. "ह्या वयात वाचून काय मामलेदार व्हायचाय. बारीक असताना शालेच्या भायेर गुरा राखली. आतून आवाज यायचा सगल्या पोरांचा. आत काय असतं ता बघायचा होता. एकदा बसून. बसून बघितला." तिनं पदर पुन्हा तोंडावर ओढला, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते ऐकणं अवघड होतं. "तोंड बंद ठेवायचा आसंल तर ता मी घरात बी करतंय."

निघताना दीपाली "या" एवढंच म्हणाली. सगुणा म्हणाली, "बगू." कोकणातलं बगू. त्यात येणंही असतं आणि कधीच न येणंही, आणि सांगणाऱ्यालाही ते ठाऊक नसतं. स्कूटर चालू करताना दीपालीला वाटलं, ही आली नाही तर मी उद्या तिसरीच्या पोरांनासुद्धा अ शिकवू शकणार नाही. गुरं राखणारी एक पोर शाळेच्या भिंतीबाहेर कान देऊन उभी आहे, आणि तिला आत बोलावून आपण पहिली गोष्ट काय दिली. आतून आवाज यायचा, ती म्हणाली होती. आवाज. सगळ्या पोरांचा मिळून. तोच तर तिला हवा होता, आणि तोच आपण त्या दिवशी एका वाक्यात बंद केला.

"आप्पा, बुवा काय करायचे?" तिनं घरी येऊन चप्पलही न काढता विचारलं. "कधी?" "कीर्तनाच्या आधी. मध्ये. लोकांना कसं धरून ठेवायचे?" आप्पांनी पेटीवरचं फडकं बाजूला ठेवलं. "धरायचे कुठं? धरलं की माणूस सुटायला बघतं. बुवा तासभर आधी यायचे आणि पायरीवर बसायचे, मंडपाच्या बाहेर. विड्या ओढणाऱ्यांत. आंबा मोहरलाय का, कुणाची बोट आली, लांज्याच्या बाजारात काय भाव चाललाय. मला वाटायचं वेळ काढतायत. मग उभे राहिले की कीर्तनात तेच सगळं यायचं, देवाच्या गोष्टीत घालून. पायरीवरची माणसं माना वर करायची, अरे हे तर आपलंच." मग ते हसले, खूप जुनं काही सापडल्यासारखं. "तू काय विचारलं होतंस आठवतंय? एवढीशी होतीस." दीपालीला आठवलं नाही, आणि मग एकदम सगळं आठवलं. बुवा चरण म्हणत म्हणत वर जायचे, चिपळ्या, टाळ, मृदंग, सगळं चढत जायचं, आणि ओळीच्या मध्यावर बुवा थांबायचे. तोंड उघडं, हात पुढे पसरलेले, आणि शब्द नाही. आणि त्या पोकळीत सगळा मंडप, तो कारकून, तो खलाशी, त्या मासळीवाल्या, सगळे मिळून उरलेली ओळ म्हणायचे आणि फरशी हादरायची. घरी येताना आप्पांच्या खांद्यावर तिनं विचारलं होतं, बुवा सारखे सारखे विसरतात कसे? "आणि तुम्ही काय म्हणालात?" तिनं आता विचारलं, जरी तिला माहीत होतं. "म्हटलं, विसरले नाहीत गो. ठेवलं. ते लोकांच्या वाटणीचं."

नंतरच्या वर्गाला ती लवकर गेली. बाक भिंतीला लावले, पंधरा ऑगस्टला काढतात ते जाजम कपाटातून ओढून पसरलं, खडूची धूळ आणि डांबरगोळ्यांचा वास सुटला. मग बाहेर पायरीवर जाऊन बसली. बायका एकेक करून आल्या आणि बाईंना पायरीवर बघून थबकल्या. "आज शाला बंद काय?" हौसानं विचारलं. "बसा की." बसल्या. कुणाची सून माहेरी गेली होती, कुणाच्या पंपाला पाणी येत नव्हतं. जाईबाई त्यांच्या विहारातल्या पौर्णिमेचं सांगत होत्या. वंदना त्यांना लहानपणापासून पाठ, पण एकदा पुस्तकात बघून म्हणायची होती. "मी म्हणतंय तीच अक्षरं तितं हायत काय, ता बघायचा हाय," त्या म्हणाल्या. दीपालीनं त्यांच्याकडे बघितलं. इतके दिवस या वर्गात येत होत्या आणि आपण त्यांना मक्याचं चित्र दाखवत होतो.

आत जाजमावर बसल्यावर ती म्हणाली, "त्या दिवशी मी तुम्हाला तोंडावर बोट ठेवायला लावलं, ते चुकलं माझं." हौसा म्हणाली, "आमाला बरा वाटला बाई. घरात गप बस म्हणतात ता काय एवढ्या मायेनं म्हणतात?" हशा उसळला, खोली हलली, आणि दीपालीनं तो थांबू दिला आपला आपण, ओंजळीतलं पाणी थांबतं तसा. मग विचारलं, काजू सोलताना काय म्हणता? पुन्हा हशा, लाजणं, एकमेकींना कोपरानं ढोसणं. "सगुणी म्हणते," हौसा म्हणाली. "आमी मागून. तिनं सोता केलेलं हाय." "म्हणा." "तिच्याबिगर?" पण जाईबाईंनी सुरुवात केली, पातळ, जरा कापऱ्या आवाजात, आणि बाकीच्यांनी खालून धरलं.

काळी काजूची गो बी, आत पांढरा गर
दार नाय, खिडकी नाय, कुनी बांधलं घर

दीपाली खडू हातात घेऊन उभी राहिली. काळ्या बीत बंद केलेल्या पांढऱ्या गराकडे बघून एखाद्या बाईला देव आठवावा, तोही ओठ जपत, कारखान्याच्या वाफेत. आणि आपण कीर्तन शोधायला झाडगावच्या देवळात जातो. तिचे हात गार पडले होते. तिला ते जाणवलं आणि बुवांची आठवण आली. ती फळ्याकडे वळली आणि त्या म्हणतील तसं एकेक शब्द लिहू लागली. दुसऱ्या ओळीत बोट सवयीनं "नाही" लिहायला निघालं, तिनं ते थांबवलं. "नाय" लिहिलं. बांधलं, इथपर्यंत आली. आणि खडू उचलून घेतला.

दाराशी सावली पडली होती. कधी पडली कुणास ठाऊक. डब्याची पिशवी, पदर तोंडावर. "ये गो, तुजाच चाललाय," जाईबाई म्हणाल्या. "माजा काय?" "बाईंनी तुजी ओवी लिवलीन." सगुणा आत आली. चपला दाराबाहेर काढून, देवळात काढतात तशा. फळ्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली आणि बघत राहिली, इतका वेळ की हौसासुद्धा गप्प झाली, कुणी न सांगता. तोंडावरचा पदर गळून खांद्यावर आला होता, ओठाची खपली उघडी, तिचं लक्ष नव्हतं. "ह्या मी म्हणतंय ता?" तिनं विचारलं. "हो." "आसा दिसता ता?" कितीतरी पोरांना तिनं अक्षरं दाखवली होती. आपण बोलतो ते दिसतं कसं, हे तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनंही स्वतःला कधी विचारलं नव्हतं. "म्हणा," ती म्हणाली, "मी हात फिरवते." सगुणा म्हणू लागली. सुजल्या ओठानं शब्द थोडे फुगून येत होते, पण सूर जाग्यावर होता. दीपालीचा तळवा शब्दांखालून सरकत राहिला, काळी, काजूची, गो, बी, आणि पहिली ओळ जिथं संपली तिथंच फळ्यावरची ओळ संपली, हे बघून सगुणाचा आवाज क्षणभर अडखळला. मग दुसरी. बांधलं. आणि पुढे काळा फळा.

"फुडं नाय," सगुणा म्हणाली. "इसरलाव?"

"नाही," दीपाली म्हणाली. "ठेवलंय."

ती थांबली. हात पुढे पसरलेला, शब्द नाही. सगळं शरीर सांगत होतं, सांग, हाताला धरून गिरवून घे, बारा वर्षं तेच केलंस. वाफेचा भोंगा वाजला कारखान्याचा. तिनं तो वाजून संपू दिला. सगुणाचे डोळे फळ्यावर वर गेले, पहिल्या ओळीच्या टोकाला, तिथून खाली रिकाम्या जागेवर, पुन्हा वर. ओठ न हलवता ती काहीतरी म्हणून बघत होती. "ह्या गर," ती हळूच म्हणाली, टोकावर बोट रोखून, न टेकवता. "ता घर. शेवटाला ह्याच येनार. ह्या शेवटचा." तिनं खडू मागितला नाही, घेतलाच दीपालीच्या हातातून, आणि वरच्या र कडे बघत बघत खाली एक र काढला. वाकडा, पोट मोठं, पाय लांब गेलेला. पण त्याच्या आधी तिनं जागा सोडली होती, बरोबर एका अक्षराची. मग मागे सरली आणि खडू परत दिला. "ह्याच्या आदीचा मला येत नाय," ती म्हणाली. "ता तुमी लिवा."

दीपालीनं घ लिहिला. वेलांटी नसलेलं साधं अक्षर, तरी तिला तो नीट काढता आला नाही. मग तीही मागे सरली, सगुणाच्या शेजारी, आणि दोघी बघत राहिल्या. घर. अर्धं एकीचं, अर्धं एकीचं. मागे जाईबाईंनी पहिल्यापासून ओवी धरली, आणि या वेळी सगळ्या फळ्याकडे बघून म्हणत होत्या, शेवटच्या शब्दाला आवाज असा उठला की खिडकीची काच थरथरली. बाहेर रस्त्यानं गुरं घेऊन जाणारं कुणीतरी थांबलं असेल का, असं दीपालीच्या मनात येऊन गेलं. तिला कळलंही नाही, तिचं स्वतःचं बोट कधी उठून ओठांवर गेलं ते. कुणी सांगितलं नव्हतं. खडूची पांढरी पूड, आणि तिच्याखाली सगुणाच्या हातातून खडूला लागून आलेलं दुसरं काहीतरी. ओठावर बारीक चरचर सुरू झाली, मे महिन्यातली, लहानपणची, ओळखीची. बोट काढायला हवं होतं. बायका दुसऱ्यांदा म्हणू लागल्या. तिनं ते काढलं नाही.